वाचकांचे प्रश्न : गल्ली दोन प्रभागांत विभागली गेली, तर हरकत कशी घ्यावी?

प्रश्न : आमच्या महापालिकेच्या प्रारूप प्रभागरचनेत गल्लीच्या एका बाजूची घरे एका प्रभागात आणि समोरची घरे दुसऱ्या प्रभागात गेली आहेत. शिवाय येथे गेल्या काही वर्षांत अनेक इमारती उभ्या राहिल्या असूनही लोकसंख्या २०११ चीच धरली आहे. हरकत नोंदवून काही उपयोग होईल का? – एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : आपल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास चांगली हरकतही वाया जाते.

लोकसंख्येची तक्रार रास्त आहे, पण सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती तिचा उपाय नाही. राज्यघटनेच्या नगरपालिकांविषयीच्या भागात लोकसंख्येची व्याख्याच ‘आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतील लोकसंख्या’ अशी आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि आता ठरलेल्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तोवर शेतांच्या जागी संकुले उभी राहिलेल्या उपनगरातील मताचे मोल जुन्या पेठेतील मताहून कमी राहणार, हा मला मोठाच अन्याय वाटतो. मात्र तो प्रश्न हरकतीच्या अर्जातून सुटणारा नाही.

गल्लीच्या बाबतीत मात्र हरकत अवश्य घ्यावी. प्रभाग हा प्रगणक गट जोडून तयार होतो. प्रगणक गट म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला नेमून दिलेला, साधारण सहाशे ते आठशे वस्तीचा तुकडा, आणि तो शक्यतो फोडू नये असा दंडक आहे. प्रत्येक गटाचा नजरी नकाशा प्रगणकाने हाताने काढलेला असतो. त्यात पक्के घर चौकोनाने, कच्चे घर त्रिकोणाने दाखवतात आणि तो मोजमापाला धरून नसतो. हे गट उपग्रह नकाशावर बसवताना जुनी पायवाट आता रस्ता झाली आहे किंवा नाला बंदिस्त झाला आहे हे लक्षात आले नाही, तर रेघ भलतीकडून जाते. त्यामुळे समोरासमोरची घरे मुळात दोन वेगळ्या गटांत होती, की एकाच गटाची घरे चुकून विभागली गेली, हे आधी तपासा. दुसरा प्रकार असेल, तर आपली बाजू भक्कम आहे.

त्यानंतर प्रभागातील गटांच्या लोकसंख्येची बेरीज पाहा. सरासरीपेक्षा दहा टक्के कमी किंवा जास्त एवढीच मुभा असते. मुंबईत २०११ ची लोकसंख्या १,२४,४२,३७३ आणि एकसदस्यीय प्रभाग २२७, म्हणजे सरासरी सुमारे ५४,८१२. म्हणून प्रभाग साधारण ४९,३३१ ते ६०,२९३ या मर्यादेत बसायला हवा. बहुसदस्यीय प्रभागात ही सरासरी सदस्यसंख्येने गुणावी लागते. आपला गट शेजारच्या प्रभागात टाकल्यावर दोन्ही प्रभाग मर्यादेत राहतात, हे आकड्यांनिशी दाखवता आले तर अर्जाला वजन येते. नदी, नाला, लोहमार्ग, मोठा रस्ता अशी ठळक सीमा जवळ असूनही रेघ गल्लीतून नेली असेल, तर तेही नकाशावर खूण करून जोडा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहिलेल्या अर्जांचा गठ्ठा सुनावणीत मिनिटाभरात निकाली निघतो. गट क्रमांक, लोकसंख्या आणि पर्यायी सीमा दिलेल्या अर्जाला उत्तर द्यावेच लागते.

प्रश्न : प्रभाग कोणासाठी राखीव, हेही याच वेळी ठरते का? – एक वाचक

उत्तर : नाही. सीमा अंतिम झाल्यावर आरक्षण ठरते. अनुसूचित जाती व जमातींच्या जागांसाठी प्रभागातील त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण पाहतात, तर महिलांच्या जागांसाठी सोडत काढतात. तरीही सीमेचा परिणाम येथवर पोहोचतोच, कारण एखादी वस्ती दोन प्रभागांत वाटली गेली की दोन्हीकडे तिचे प्रमाण घटते. म्हणूनच अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे विभाजन टाळावे असे निर्देश असतात, आणि तशी वस्ती तुटत असेल तर हरकत आरक्षणाच्या टप्प्यावर नव्हे, प्रारूप रचनेच्या मुदतीतच नोंदवायला हवी.