लोफोटेनला पहिल्यांदा जाताय? केबिन बघून घ्या

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर समुद्राला लागून नवी केबिन भाड्याने घेताय, तर फोटोतल्या भल्या मोठ्या काचेवर भाळू नका. आधी महिना ठरवा. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. उत्तरेकडे काच असेल तर मध्यरात्री ऊन थेट उशीवर येतं. जाड पडदे आहेत का, हे विचारूनच बुकिंग करा. डिसेंबरात उलट, पहिला आठवडा सरला की सूर्य उगवतच नाही, पण आकाश निरभ्र असलं तर अरोरा, म्हणजे आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश, दारातूनच दिसू शकतो.

मला विचाराल तर मार्च गाठा. कॉडची मासेमारी ऐन भरात असते, लाकडी मांडवांवर जोडीजोडीने बांधलेले मासे वाळत असतात. वास येतो, पण सुकटीची सवय असलेल्याला त्याचं काय!

चादरी-टॉवेलचे पैसे बरेचदा वेगळे पडतात. रविवारी मोठी दुकानं बंद, म्हणून वाणसामान शनिवारीच भरा. डाळ-तांदूळ घरून न्या, तूप मात्र नको. भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. उन्हाळ्यात मुख्य भूमीवरच्या बूडोहून लोफोटेनमधल्या मोस्केनेसला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडीची जागा आधीच राखून ठेवा.