मामाने पाठवलेली बरणी

"ताई, याने फिट वाढणार तर नाही ना?" असं विचारत त्या आईने पर्समधून बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. मेलाटोनिनच्या, म्हणजे झोप आणणाऱ्या हार्मोनच्या गमीज (चघळायच्या मऊ गोळ्या), अमेरिकेतल्या मामाने पाठवलेल्या. मुलगा सात वर्षांचा, फिटची औषधं चालू. रात्री बारापर्यंत त्याला झोप नाही, दोनला पुन्हा जाग. जागरण झालं की फिट येते, हे तिने अनुभवलेलं. आणि मेलाटोनिननेच फिट वाढते, असंही कुठेतरी वाचलेलं.

ही भीती उगाच आलेली नाही. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकामध्ये मेंदूचे गंभीर आजार असलेल्या सहा मुलांबद्दल छापून आलं होतं. मेलाटोनिन दिल्यावर त्यातल्या चौघांच्या फिट वाढल्या. पण मुलं सहाच. पुढच्या छोट्या चाचण्यांत तशी वाढ दिसली नाही, झोप मात्र थोडी लवकर लागली. म्हणून डॉक्टर ते विचार करून, कमी मात्रेपासून देतात. फिटवरचं औषध म्हणून नाही, झोपेसाठी.

बरणीला मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. तिकडे हे पूरक आहार म्हणून दुकानात मिळतं. २०२३ साली 'जामा' या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या तपासणीत अशा २५ गमीजपैकी २२ मध्ये लेबलवरचं प्रमाण खरं निघालं नाही, एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं. फिट येणाऱ्या मुलाला असं अंदाजाने कसं द्यायचं?

मग मी रात्रीबद्दल विचारलं. ती जरा थांबली. ओढणीचं एक टोक मुलाच्या मनगटाला बांधते, दुसरं स्वतःच्या, म्हणाली. जरा ओढ बसली की उठून मोबाईलचा टॉर्च त्याच्या तोंडावर. "श्वास चालू आहे ना, ते बघते." रात्रीतून पाच-सहा वेळा! तिच्या मनगटावर गाठीचा वळ होता. या बाईला 'काळजी करू नका' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

ओढणी तेवढी त्याच दिवशी सोडायला लावली. फिटमध्ये ती गळ्याशी गुंतू शकते. टॉर्चऐवजी कोपऱ्यात मंद दिवा. झोपायची वेळ रोज एकच, त्याआधी तासभर टीव्ही-मोबाईल बंद. हातपाय झटकले तर व्हिडिओ काढायचा, वहीत वेळ लिहायची. आणि एक रात्र आईची, एक बाबांची. बाबांनी मान हलवली. त्यांना आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं.

वही, व्हिडिओ आणि ती बरणी घेऊन दोघं मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे गेले. काही व्हिडिओंमध्ये खरोखरच फिट होती, म्हणून डॉक्टरांनी आधी फिटच्या औषधाची मात्रा बदलली. झोपेसाठी आपल्या मनाने त्यात काही मागेपुढे करायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मेलाटोनिन त्यानंतर, थोडंसं, झोपायच्या आधी.

आता तो बहुतेक दिवस दहापर्यंत झोपतो. मधूनच एखाद्या रात्री जागाही होतो. वहीत त्या रात्रीपुढे पाळी कुणाची होती तेही लिहिलेलं असतं.