माळ घातली तरी दुःख चुकत नाही, ताई

ताई, माळ घालून वर्षही झालं नाही आणि घरावर असा घाला पडला. "विठ्ठलानं असं का केलं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. जो लगेच देतो, त्याच्यापासून जरा लांबच राहा. 'प्रारब्ध' म्हणून हात झटकणं सोपं असतं.

तुकोबांकडे बघा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापाराचं दिवाळं निघालं. अभंगांत ते देवाशी चक्क भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, पण बोलणं तोडत नाहीत. तुम्हीही भांडा. विटेवरचा काही रुसून जात नाही. जनाबाईंच्या नावावर तर त्याला शिव्या घालणारा अभंग आहे!

हरिपाठ मात्र सोडू नका. मन लागत नसेल तर पहिला अभंग म्हणून उठा. काही दिवस नुसते ओठ हलतील, हलू द्या. सत्ता त्याची, वेळही त्याचीच, हे आजच पटावं अशी घाई नको. मला पटायला वर्षं लागली. औषधपाणी आणि जेवणखाण मात्र देवावर टाकायचं नाही.

एकादशीला भजनाला या. टाळ धरवत नसेल तर मागे खांबाला टेकून बसा. कुणी काही विचारणार नाही, मी सांगून ठेवते.