तलवारीआधी लिपी

सप्रेम नमस्कार,

जपानच्या सामुराई योद्ध्यांचा आणि तिथल्या मध्ययुगीन युद्धांचा अभ्यास हीच आपली वाट, असे ठरवून तुम्ही पत्रात तलवारीच्या घडणीविषयी चार पाने लिहिलीत. लिपीविषयी मात्र एक ओळही लिहिली नाहीत. म्हणून उत्तराची सुरुवात लिपीपासूनच करतो.

जुने जपानी कागद ज्या वाहत्या वळणाच्या अक्षरांत लिहिलेले असतात त्यांना कुझुशिजी म्हणतात, आणि आजची जपानी भाषा उत्तम येणाऱ्या सुशिक्षित जपानी माणसालाही ती सहसा वाचता येत नाहीत. मराठी येते म्हणून मोडी वाचता येत नाही, तसेच हे आहे. अलीकडे छायाचित्रावरून ही अक्षरे ओळखणारी मोबाइल अ‍ॅप्स निघाली आहेत. ती जरूर वापरा, पण आधी स्वतः वाचून मग पडताळ्यासाठी. त्याखेरीज जपानी वळणाची चिनी लिखाणशैलीही शिकावी लागेल, कारण 14व्या शतकातील लष्करी कागद बहुतेक तिच्यातच आहेत.

हे कष्ट कशासाठी, ते नागाशिनोच्या लढाईच्या उदाहरणाने सांगतो. 1575 साली ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या 3,000 बंदूकधाऱ्यांनी तीन रांगा करून आळीपाळीने फैरी झाडल्या आणि प्रतिस्पर्धी ताकेदा घराण्याचे घोडदळ बुडवले, हे चित्र तुम्हीही पत्रात रंगवले आहे. ते मुख्यतः ओझे होआन या लेखकाच्या 17व्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथावरून रूढ झाले. प्रत्यक्ष नोबुनागाच्या चाकरीत असलेल्या ओता ग्यूइचीच्या वृत्तान्तात सुमारे हजार बंदूकधारी आहेत आणि तीन रांगांचा उल्लेख नाही. पानिपताच्या बखरी आणि राजवाड्यांनी 1898 साली छापलेली अस्सल पत्रे शेजारी ठेवून वाचलेल्या मराठी वाचकाला या प्रकाराचे नवल वाटू नये. जपानकडे जाताना आपण घरून नेण्यासारखी शिदोरी हीच आहे.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटतात ते गुन्चूजो, म्हणजे योद्ध्यांनी आपल्या कामगिरीची नोंद करून बक्षिसासाठी सादर केलेले अर्ज. कुठे लढलो, कोणाला कुठे जखम झाली, साक्षीदार कोण, हे सारे त्यांत असते आणि सेनापती ते पाहून आपल्या हस्तचिन्हाने मान्य करतो. आपल्याकडील मोर्तबाची आठवण व्हावी, असा हा व्यवहार. 14व्या शतकातील या अर्जांतल्या जखमा मोजल्या तर बहुतेक बाणांच्या निघतात, तलवारीच्या फार थोड्या. अर्थात हेही मागणीचे कागद आहेत, आणि मागणारा आपले पारडे जड दाखवणारच.

मागणीचा हा हट्ट किती टोकाचा असे, ते हिगो प्रांतातील ताकेझाकी सुएनागाकडे पाहून कळते. 1274 च्या मंगोल स्वारीत तो मोजक्या साथीदारांनिशी पुढे घुसला, पण त्याच्या कामगिरीची दखल वरपर्यंत पोहोचली नाही. तेव्हा घोडे आणि खोगिरे विकून त्याने प्रवासखर्च उभा केला, 1275 साली तेव्हाच्या लष्करी राजवटीचे केंद्र असलेले कामाकुरा थेट गाठले आणि तेथील अधिकारी आदाची यासुमोरी याच्यापुढे गाऱ्हाणे मांडून जमिनीवरील हक्क व एक घोडा मिळवला. पुढे या साऱ्याची चित्रेही त्याने लांब गुंडाळ्यांवर काढवून घेतली. ‘बुशिदो’ म्हणजे योद्ध्याचा धर्म, या शब्दाभोवती जे निरिच्छ, मरणोत्सुक योद्ध्याचे चित्र उभे राहिले आहे, त्याला नितोबे इनाझो यांच्या 1900 सालच्या इंग्रजी पुस्तकाचा मोठा हातभार आहे. सुएनागाने ते वाचले असते तर बहुधा हसला असता.

पोटापाण्याचेही बोलू. या विषयाच्या जागा भारतात जवळजवळ नाहीत आणि बाहेरही थोड्याच आहेत. मात्र पुण्यात जपानी भाषेचे शिक्षण चांगले मिळते, आणि भाषेत पक्के झालात तर भाषांतर व दुभाष्याच्या कामावर संशोधनाची वर्षे निभावता येतात. जपान सरकारच्या मोनबुकागाकुशो शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. पण संशोधनाच्या आराखड्यात ‘सामुराई संस्कृती’ असे मोघम लिहू नका, एखादा प्रांत, एखादे घराणे आणि वीस-तीस वर्षांचा काळ धरा. तोक्यो विद्यापीठाची इतिहास-साधन संस्था 1901 पासून ‘दाइ निहोन शिर्यो’ हे साधनखंड प्रसिद्ध करीत आहे. आपल्या विषयाचे कागद त्यांत आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय विषय नक्की करू नये.

तलवारींविषयीची तुमची चार पाने मी जपून ठेवली आहेत. पुढच्या पत्रासोबत एका गुन्चूजोचे तुम्ही स्वतः लावलेले वाचन पाठवा. जी अक्षरे लागली नाहीत त्यांच्या जागा कोऱ्या सोडा, अंदाजाने भरू नका.

तुमचा,
एक जुना वाचक