घरच्या व्यवसायासाठी ३० हजारांत लॅपटॉप: नवाकोरा की कंपनीतून निघालेला?

ताई, तुमचं म्हणणं मी असं धरलंय: सांगलीत घरून कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करता. बिलं, हिशोब, बरण्यांची लेबलं, व्हॉट्सॲप वेब आणि अधूनमधून मालाचे फोटो, एवढंच काम. हातात ३० हजार. दुकानदार नवाकोरा १५.६ इंची दाखवतोय आणि भाचा म्हणतोय की कंपनीतून निघालेला जुना घे. ऐकायचं कुणाचं?

भाच्याचं ऐका, पण डोळे झाकून नको.

३० हजारांच्या आत नवा लॅपटॉप बसवायचा म्हणजे कंपनीला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो, आणि तो घेतला जातो जाहिरातीत न दिसणाऱ्या जागी. खोक्यावर ‘८ जीबी, ५१२ एसएसडी, विंडोज ११’ ठळक असतं. स्क्रीन फिकट आहे, बिजागरी नुसत्या प्लास्टिकमध्ये बसवलीय, रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी) बोर्डावर पक्की आहे, हे कोणी छापत नाही. प्रोसेसरच्या नावातही गंमत असते. उदाहरणार्थ, एएमडी कंपनीचा रायझन ३ ७३२०यू. सात हजाराचा आकडा बघून वाटतं, अगदी ताजा असणार. पण एएमडीच्या त्या नामावळीत खरी पिढी सांगतो तो तिसरा आकडा. इथे तो २ आहे, म्हणजे झेन २, मूळ २०१९ ची रचना. शिवाय त्याला बोर्डावर पक्की केलेली रॅमच लागते, म्हणून ८ जीबीचा घेतलात तर तो जन्मभर ८ जीबीचाच. तुमचं काम त्यावर होणार नाही असं मी म्हणत नाही. होईल. पण दोन वर्षांनी टॅली, ब्राउझरचे दहा टॅब आणि फोटोचं ॲप एकदम उघडलंत की अडेल, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसेल.

इंटेलमध्ये सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० लिहिलेलं दिसलं तर सरळ पुढे चला, दोन कोअरमध्ये (कोअर म्हणजे प्रोसेसरचा काम करणारा भाग) आजचं विंडोज रखडतं. एन१०० चार कोअरचा आहे, नुसत्या बिलांपुरता चालून जातो. एसएसडी या वेगवान डिस्कच्या जागी ईएमएमसी ही संथ साठवण असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. रॅम ४ जीबी असेल तरी तेच.

आता जुन्यांकडे येऊ. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप लॉटनेच बदलतात आणि ते साफ-दुरुस्त करून रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही त्यातली नेहमीची नावं. नवे असताना हे तुमच्या बजेटच्या कितीतरी वरचे होते. कीबोर्ड दिवसभर बडवायला बनवलेला असतो, रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते, बॅटरी बदलता येते, आणि सुटे भाग मिळतात. दुकानागणिक भाव वेगळा, पण ३० हजारांत हा लॅपटॉप घेऊन प्रिंटरला पैसे उरावेत असा हिशोब बसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे ‘८ घ्या, १६ नंतर टाकू’ हा बेत आता पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही. आधीपासून १६ असलेला मिळाला आणि फरक दीड-दोन हजारांचा असला तर तोच उचला.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती प्रोसेसरच्या पिढीत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. पण दुकानात सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपवरही पळवाट काढून विंडोज ११ घातलेलं असतं आणि ‘मॅडम, विंडोज ११ आहे की’ असं ठणकावून सांगतात. असतंही. पुढची मोठी अपडेट त्यावर नीट बसेल याची हमी मात्र कोणी देत नाही. आणि वर दिलेली तिन्ही मॉडेलं सातव्या पिढीतही निघाली होती आणि आठव्यातही, तेव्हा नुसतं मॉडेलचं नाव ऐकून होकार देऊ नका. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट उघडा आणि प्रोसेसर वाचा. आय५-७३००यू म्हणजे सातवी पिढी, नको. आय५-८२५०यू किंवा ८३५०यू म्हणजे आठवी, चालेल. आय५-१०३१०यू म्हणजे दहावी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. बजेटमध्ये बसली तर उत्तमच.

दुकानात अर्धा तास बसायची तयारी ठेवा, आणि दुकानदार घाई करायला लागला तर दुकान बदला. बॅटरी अशी बघा: कमांड प्रॉम्प्ट उघडून powercfg /batteryreport असं टाइप करायचं. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी ६०,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी ३९,००० दिसली तर बॅटरीत ६५ टक्केच जीव उरलाय. मग त्याच टेबलावर भाव पाडा किंवा नवी बॅटरी घालून मागा. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी, तेव्हा तिथे दोन्हींचे आकडे बघायचे. लोडशेडिंगच्या दिवसांत ही बाहेरची बॅटरी मोठी सोय आहे, लॅपटॉप चालू ठेवून बदलता येते. वीज गेली की डेस्कटॉप जागेवर मरतो आणि टॅलीचा डेटा बिघडायची भीती असते. म्हणून घरून व्यवसाय करणाऱ्याला मी डेस्कटॉप सहसा सुचवतच नाही.

आणखी एक, जे फार कमी लोक बघतात. समोर बसून विंडोज रीसेट करायला लावा आणि पहिल्या सेटअपमध्ये तुमच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा. एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल-पासवर्ड मागितला, तर त्या कंपनीने लॅपटॉप आपल्या यादीतून काढलेलाच नाही. असा लॅपटॉप आज कसाबसा चालू करून देतील, पण पुढे कधी रीसेट केलात की पुन्हा अडेल. ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘तुमच्या संस्थेच्या सेवेतून सक्रिय’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर तो विंडोजचा परवानाही तुमचा नव्हे. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, तेही बघून घ्या. परदेशातून आलेल्या लॉटमध्ये कधी जर्मन-फ्रेंच कीबोर्ड असतो, त्यावर वरून स्टिकर चिकटवलेले असतात; नखाने खरवडून पाहायला लाजू नका.

स्क्रीनकडे तुम्ही इतरांपेक्षा जास्त लक्ष द्या. अशा जुन्या लॅपटॉपांत १३६६ बाय ७६८ चा साधा पॅनेलही येतो आणि १९२० बाय १०८० चा आयपीएसही, म्हणजे कडेने बघितलं तरी रंग टिकवणारा. आयपीएसच घ्या. साध्या पॅनेलवर मान जरा इकडेतिकडे झाली की रंग पालटतात. तिखटाचा लाल तुम्हाला विटकरी दिसेल, तुम्ही फोटोत तो वाढवाल, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर भडक शेंदरी पोचेल. लेबल छापतानाही तोच घोळ.

नवा घ्यायचा तो कधी? तपासायला सोबत येणारं कोणी नसेल, किंवा बिलावर निदान सहा महिन्यांची वॉरंटी लिहून देणारा दुकानदार सापडत नसेल तेव्हा. मग थोडे पैसे वर घाला आणि आय३-१२१५यू च्या आसपासचा, रॅमचा निदान एक स्लॉट मोकळा असलेला बघा. जुना कंपनीचा लॅपटॉप आणि हा नवा, यांच्या मधलं काही घेऊ नका, तिथेच पैसे वाया जातात. क्रोमबुक स्वस्त दिसेल, पण टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, त्यावर थेट बसणार नाही.

मुळात टॅली लागेलच असंही नाही. तुमचे सीए काय वापरतात ते आधी विचारा. एवढ्या कामाला पुष्कळजण बिलिंगचं साधं ॲप वापरतात आणि महिन्याच्या शेवटी एक्सेल पाठवतात. एक्सेलवरून आठवलं: लॅपटॉपसोबत ‘होम अँड स्टुडंट’ ऑफिस आलं, तर ते परवान्याप्रमाणे धंद्यासाठी नसतं. लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठीतही मिळतं, आणि बिलं-याद्यांना पुरून उरतं. मराठी लेबलांसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोज ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा.

जीएसटी नंबर असेल तर पक्कं बिल तुमच्या नंबरावरच घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के आहे, म्हणजे ३० हजारांच्या नव्या लॅपटॉपमध्ये साडेचार हजारांच्या वर नुसता कर. नेहमीच्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही.

आणि लॅपटॉप कांडप किंवा भाजणीच्या खोलीत ठेवू नका. मिरचीची पूड आणि तेलाची वाफ मिळून पंख्यात जो थर बसतो, तो फुंकरीने जात नाही. मग लॅपटॉप तापतो, तापला की मंदावतो, आणि खापर फुटतं प्रोसेसरवर. पंखा वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या, हंगाम संपल्यावर, जूनच्या सुमारास.

दुकानदाराने दाखवलेल्या लॅपटॉपच्या बुडाला स्टिकर असेल, त्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि तो सांगतोय ती किंमत इथे लिहा. रॅम बोर्डावर पक्की (सोल्डर) आहे की स्लॉटमध्ये, ते बघून सांगतो. तोवर ॲडव्हान्स देऊ नका.