अंगोलाच्या लढ्यात क्युबाचं सैन्य कुठून आलं?

पोर्तुगालला आफ्रिकेतली आपली वसाहत अंगोला सोडायचीच नव्हती, गोवा तरी कुठे सोडत होते, पण १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनलाच लष्कराने सरकार उलथवलं आणि वसाहती सोडायचं ठरलं. घोळ असा की अंगोलात लढणाऱ्या संघटना तीन, एमपीएलए, एफएनएलए आणि युनिटा, आणि तिघांचं आपसात अजिबात पटत नव्हतं. जानेवारी ७५ ला पोर्तुगालमधल्या आल्व्होरला करार झाला, सगळे मिळून सरकार चालवू वगैरे, तो काही महिन्यात बोंबलला. मग ज्याने त्याने बाहेरचा दादा गाठला, एफएनएलएला शेजारच्या झैरेचा (आजचा काँगो) हुकूमशहा मोबुतू आणि अमेरिकेची सीआयए, युनिटाला दक्षिण आफ्रिका, एमपीएलएला रशियाची हत्यारं आणि क्युबा.

ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचं सैन्य नामिबियातून सरळ आत घुसलं, तेव्हा क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोने जुन्या ब्रिटानिया विमानांतून अटलांटिकपलीकडे सैनिक पाठवले, आणि हा निर्णय बऱ्यापैकी त्याचा स्वतःचा होता, मॉस्कोचा हुकूम नव्हे, लोक उगाच रशियाचं प्यादं म्हणतात. १० नोव्हेंबरला राजधानी लुआंडाच्या अगदी तोंडाशी किफांगोंडोला एफएनएलए आणि झैरेच्या तुकड्यांवर रॉकेटांचा असा मारा झाला की सगळे पळत सुटले. त्याच दिवशी पोर्तुगीज हाय कमिशनर झेंडा घेऊन निघून गेला, सत्ता दिली कोणाला तर 'अंगोलाच्या जनतेला', म्हणजे कोणालाच नाही! मध्यरात्री एमपीएलएचा नेता आगोस्तिन्यो नेटो याने स्वातंत्र्य जाहीर केलं. क्युबन मात्र १९९१ पर्यंत तिथेच होते.