‘मि डुक’ : नॉटिंगहॅमचं बदक आणि आपले ‘राव’

विचारणा अशी आहे. पुण्याहून नॉटिंगहॅमला शिकायला गेलेल्या मुलीला बसचा ड्रायव्हर, बेकरीतल्या बाई, वसतिगृहाचा रखवालदार असे सगळेच येताजाता ‘मी डुक’ असं काहीतरी म्हणतात. तिला आधी वाटलं, ‘डुक्कर’ म्हणताना शेवटचं अक्षर गिळतायत की काय. मग कळलं की शब्द ‘डक’ आहे, म्हणजे बदक. आता प्रश्न असे : हा लाड आहे की टिंगल? ऐकल्यावर बोलायचं काय? आपणही म्हणावा का? आणि मराठीत याला काय म्हणाल?

आधी उच्चार, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. शाळेत आपण जी इंग्रजी शिकतो तिच्यात ‘कप’, ‘बस’, ‘डक’ या शब्दांतला स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा असतो. तो दक्षिण इंग्लंडचा. उत्तरेकडे आणि मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, हा स्वर ‘उ’पासून वेगळा झालाच नाही. तिथे बोलीत ‘कुप’, ‘बुस’ आणि ‘डुक’ असंच ऐकू येतं. मुलीच्या कानांची चूक नाही. ‘मी’ हा आपला ‘मी’ नाही, तो ‘माय’चा ऱ्हस्व उच्चार आहे, ‘मि’. तेव्हा ‘मि डुक’ म्हणजे शब्दशः ‘माझ्या बदका’. पुष्कळदा त्याच्या आधी ‘ए अप’ येतं, ते नुसतं ‘काय, कसं काय’. ‘ए अप, मि डुक’ एवढं वाक्य तिथल्या दुकानांत चहाच्या कपांवर आणि टी-शर्टांवरही छापलेलं मिळतं, इतका त्याचा त्या भागाला अभिमान आहे.

प्रदेश साधारण असा : नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर, मॅन्सफील्ड, चेस्टरफील्ड, लाफबरो, आणि पश्चिमेला मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेलं स्टोक-ऑन-ट्रेंट. याच्या बाहेर गेलात की शब्द बदलतो. यॉर्कशरमध्ये ‘लव्ह’, तेही ‘लुव्ह’ असं. न्यूकॅसलकडे ‘पेट’ किंवा ‘हिनी’, आणि ही ‘हिनी’ म्हणजे ‘हनी’च. ग्लासगोत बाईमाणसाला ‘हेन’, बर्मिंगहॅमला ‘बॅब’. ब्रिस्टल-डेव्हनकडे तर भाजीवाला खुशाल ‘माय लव्हर’ म्हणतो. शब्दकोश घेऊन गेलेल्या माणसाला तिथे घाम फुटायचाच, पण भाजीवाल्याच्या मनात उरलेले सुटे पैसे देण्यापलीकडे काही नसतं.

‘डक’चं वेगळेपण असं की तो बाई-पुरुष बघत नाही. स्टोकमध्ये मिशीवाला कामगार दुसऱ्या मिशीवाल्या कामगाराला ‘डक’ म्हणतो आणि कोणाला काही वाटत नाही. ‘हेन’चं तसं नाही, तो बाईलाच. ‘लव्ह’ यॉर्कशरमध्ये पुरुषापुरुषांत चालतो, पण लंडनमध्ये एखाद्या माणसाने अनोळखी पुरुषाला म्हणून बघावं!

आता व्युत्पत्ती. याबाबत एक कथा तिकडे घरोघरी सांगतात, आणि मराठी वाचकाला ती पटकन पटेल अशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कथा अशी, की सॅक्सन काळात, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या इंग्लंडात, ‘डुकास’ हा मानाचा किताब होता, ‘ड्यूक’चा पूर्वज. तो झिजत झिजत रस्त्यावर आला आणि ‘डक’ झाला. आपल्याला हे पटतं, कारण आपल्याकडे नेमकं तेच घडलंय. संस्कृत ‘राजन्’, प्राकृतातून ‘राव’, मग सरदार-जहागीरदारांचा ‘राव’, मग नावापुढचा ‘राव’, आणि आता चहाच्या टपरीवरचं ‘काय राव, साखर कमी टाकली आज!’ राजा ते टपरी हा प्रवास आपल्या कानाला ठाऊक आहे.

पण इंग्रजीतली कथा टिकत नाही. सॅक्सन लोक आपल्या सरदाराला ‘एआल्डॉर्मन’ म्हणत. लॅटिन सनदांत त्याच माणसासाठी ‘डक्स’ लिहिलेलं सापडतं, पण ते लेखनिकांचं लॅटिन, आणि लॅटिनमध्ये ‘डक्स’चं अनेकवचन ‘डुकेस’ होतं, ‘डुकास’ नाही. ‘ड्यूक’ हा शब्द फ्रेंचमधून आला, फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या नंतर. इंग्लंडमध्ये पहिला ड्यूक केला गेला तोच 1337 साली, कॉर्नवॉलचा. शिवाय ‘ड्यूक’मधला स्वर दीर्घ. तो एका शब्दात दीर्घ राहिला आणि दुसऱ्यात आखडला, याला काही कारण दाखवता येत नाही. पक्षी मात्र सरळ जुळतो. शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये पाचव्या अंकात बॉटम नावाचा विणकर नाटकातल्या नाटकात प्रेयसीला ‘ओ डेन्टी डक, ओ डिअर’ म्हणतो. म्हणजे 1590च्या दशकात हा लाडाचा शब्द प्रेक्षकांना समजत होता, आणि थोडा हास्यास्पदही वाटत होता, कारण बॉटमचं सगळंच हास्यास्पद आहे. ‘मॅकबेथ’मध्ये नवरा बायकोला ‘डिअरेस्ट चक’ म्हणतो, तेही कोंबडीच्या पिलाच्या घराण्यातलं. पक्ष्यांवरून लाड करण्याची इंग्रजांची ही जुनी खोड. आपलीही आहेच : चिमणे, मैना, राघू, पाखरा, पिल्लू. आपण बदकाला फक्त यादीतून वगळलं. मराठीत बदक म्हटलं की डोळ्यांपुढे चाल येते, लाड येत नाही.

या बदकाच्या मागे अजून एक गोष्ट आहे. ‘डक’ हे त्या पक्ष्याचं मूळ नावच नाही. जुन्या इंग्रजीत त्याला ‘एनेड’ म्हणत. ‘डक’ म्हणजे बुडी मारणारा, ‘डूकान’ या बुडी मारण्याच्या क्रियापदावरून. डोकं खाली घालून वार चुकवणं याला आजही ‘टू डक’ म्हणतात, ते तिथलंच. टोपणनावाने खऱ्या नावाला हुसकावून लावलं. आणि तो हुसकावलेला ‘एनेड’ आपल्या नात्यातला आहे : लॅटिन ‘आनास’, जर्मन ‘एन्टे’ आणि संस्कृत ‘आति’ ही सगळी एकाच मुळाची भावंडं. ऋग्वेदातल्या पुरूरवा-उर्वशी संवादात ‘आति’ येतात, आणि शतपथ ब्राह्मणात तीच कथा सांगताना उर्वशीसह अप्सरा आति होऊन सरोवरात पोहताना पुरूरव्याला दिसतात. तेव्हा वसतिगृहाच्या रखवालदाराने बदक म्हटलं तर नाक मुरडण्याआधी उर्वशी आठवावी. (क्रिकेटमधला ‘डक’ मात्र वेगळ्या वाटेने आला. शून्याचा आकार बदकाच्या अंड्यासारखा, म्हणून ‘डक्स एग’, आणि मग अंडं गळून नुसता ‘डक’. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर भोपळा फोडण्याआधी बाद झालेल्या फलंदाजाचं सांत्वन तिथले लोक कोणत्या ‘डक’ने करतात ते त्यांनाच माहीत.)

ऐकल्यावर काय बोलायचं? काही नाही. हा शब्द संबोधन आहे, त्याला उत्तर नसतं. वाक्याच्या शेवटी येतो, त्यावर जोर नसतो, आवाज खाली उतरतो : ‘थ्री पाउंड ट्वेंटी, डुक.’ पैसे द्यायचे, ‘थँक यू’ किंवा तिथलं ‘टा’ म्हणायचं, निघायचं. ‘ऑलराइट, डुक?’ असं विचारलं तर तब्येतीची चौकशी समजून कालचा ताप सांगत बसू नये. आपल्याकडे वाटेत भेटलेला ‘काय, झालं का जेवण?’ विचारतो त्याला कोणी मेनू सांगत नाही. ‘ऑलराइट, टा’ एवढं पुरे.

जागा मात्र नीट ऐकावी. तोच शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला, आणि त्यावर वजन पडलं, की दूध नासलं समजायचं. ‘लिसन, लव्ह…’ ही प्रेमाची सुरुवात नाही, ‘हे बघा बाई’ची आहे. मराठीतही ‘ताई, जरा सरकता का’ आणि ‘अहो ताई, तुम्हाला एकदा सांगितलं ना’ यातल्या दोन ताई सख्ख्या नाहीत. 2011 साली ब्रिटिश संसदेत पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन विरोधी बाकावरच्या अँजेला ईगल यांना ‘काम डाउन, डिअर’ (शांत व्हा) म्हणाले आणि गदारोळ झाला. वाक्य एका जाहिरातीतलं होतं, विनोद म्हणून टाकलं होतं, पण ऐकणाऱ्यांना त्यात ‘गप बस गं’ ऐकू आलं.

लाड कुठला आणि चढेलपणा कुठला हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे : बोलणारा हाच शब्द रांगेत मागे उभ्या असलेल्या पन्नाशीच्या पुरुषालाही वापरतो का? वापरत असेल तर ती बोली आहे. फक्त तरुण मुलींनाच ‘डार्लिंग’ आणि ‘स्वीटहार्ट’ मिळत असेल आणि पुरुषांना ‘सर’, तर बोलीचं निमित्त चालणार नाही. कार्यालयात तर ‘मला नावाने हाक मारा’ म्हणून सांगितल्यावरही शब्द थांबला नाही, तर तक्रारीत तो मोजला जाऊ शकतो. ब्रिटनच्या 2010च्या समानता कायद्यात लिंगावरून होणारा त्रास येतो. दवाखान्यात आणि वृद्धाश्रमातही हा प्रश्न आहे. आजारी म्हाताऱ्या माणसाला ‘डिअर’, ‘स्वीटी’ करत लहान मुलासारखं बोलणं याला इंग्रजीत ‘एल्डरस्पीक’ असं नावच आहे, आणि ते चांगलं लक्षण मानत नाहीत. तिथे नोकरीला गेलेल्या परिचारिकेने आधी विचारावं, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ उत्तर ‘मला सगळे डुकच म्हणतात’ असं आलं तर मोकळ्या मनाने म्हणावं.

आपण वापरावा का? पहिली दोनतीन वर्षं तरी नको. कोल्हापुरात नव्याने आलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी ‘काय भावा’ सुरू केलं तर ऐकणाऱ्याला गंमत वाटते, जवळीक वाटत नाही. सूर जमायला वेळ लागतो, आणि हे शब्द सुरावरच चालतात. घेणं फुकट आहे, देणं महाग.

याच ओघात आपल्या लोकांच्या ‘डिअर’विषयी. मराठी मुली मैत्रिणीला, कार्यालयातल्या वरिष्ठ बाई नवख्या मुलीला ‘हाय डिअर’, ‘ओके डिअर’ लिहितात. आपल्यात तो ‘अगं’चा इंग्रजी अवतार आहे, निरुपद्रवी. ब्रिटिश किंवा अमेरिकन सहकाऱ्याला मात्र तो एकतर नको इतका सलगीचा, नाहीतर आजीने नातीला समजावल्यासारखा वाटतो. त्यांना चॅटमध्ये नुसतं ‘हाय’ आणि नाव पुरतं. पत्रातला ‘डिअर सर’ वेगळा, त्यात प्रेम औषधालाही नाही. आपण ‘ती.’ लिहितो म्हणून कोणी काकांच्या पायाशी तीर्थस्नानाला जात नाही, आणि ‘सा. न. वि. वि.’ लिहिणारा खरंच साष्टांग पडत नाही, तसंच ते. फक्त जोडी सांभाळावी : ब्रिटिश रिवाजात ‘डिअर सर’ने सुरू केलेलं पत्र ‘युअर्स फेथफुली’ने संपतं आणि नाव घालून सुरू केलेलं ‘युअर्स सिन्सिअरली’ने. आणि दुकानातल्या आजीबाई जोडे बघून ‘अ बिट डिअर’ म्हणाल्या तर जोडे महाग आहेत असं त्या म्हणतायत. तो अर्थ जुना आहे, आणि ‘डार्लिंग’ही याच ‘डिअर’ला ‘लिंग’ प्रत्यय लागून झालेला.

राहिला मराठी पर्याय, आणि इथे खरी अडचण आहे. अनोळखी माणसाला जवळ आणायला इंग्रज लाडाचा शब्द वापरतो, आपण नातं वापरतो. रिक्षावाला दादा, भाजीवाली मावशी, बँकेतले काका, शेजारची पोरगी बाळ. काम तेच, पण नातं जोडायचं तर समोरच्याचं वय आणि बाई की पुरुष हे आधी ठरवावं लागतं, शिवाय तू की तुम्ही तेही. ‘डक’ला यातलं काही लागत नाही. त्यामुळे एका ‘डक’ला मराठीत एक शब्द बसवायला गेलं की भाषांतर फसतं. ‘राव’ सगळ्यात जवळ येतो, तो मुलीलाही चालतो, ‘काय गं राव’ आपण म्हणतोच. पण त्याला आधीची ओळख लागते. बेकरीतल्या बाईंनी सत्तरीच्या आजोबांना ‘राव’ म्हटलेलं कानाला खटकेल.

म्हणून भाषांतर करणाऱ्याने वाक्य बघून ठरवावं. बेकरीतल्या बाई त्या मुलीला ‘थ्री पाउंड ट्वेंटी, डुक’ म्हणाल्या, तर : ‘तीन पाउंड वीस झाले, बाळा.’ तेच आजोबांना म्हणाल्या, तर : ‘तीन पाउंड वीस झाले हं, काका.’ दोन कामगार एकमेकांना म्हणाले तर गावानुसार ‘भावा’, ‘गड्या’, ‘लेका’. आणि वय-नातं काहीच कळत नसेल, रेडिओवरचा नुसता आवाज असेल, तर शब्द गाळून ऊब ‘हं’मध्ये ठेवावी : ‘तीन पाउंड वीस झाले हं.’